कोपर जायच्या आत नियम सांगून झाले पाहिजेत

आमच्या लोकलच्या डब्यात मी आणलेला पहिला खेळ पाच मिनिटं टिकला. घडीची सापशिडी होती, लोहचुंबकाच्या सोंगट्यांची. डोंबिवलीला चौघी समोरासमोर बसलो, मांड्यांना मांड्या भिडवल्या, त्यावर पट पसरला. दिवा मागे पडलं आणि एका वळणावर फासा उडाला. तो आधी चौथ्या सीटवरच्या काकूंच्या निऱ्यांत शिरला, तिथून खाली घरंगळला आणि उभ्या बायकांच्या चपलांत दिसेनासा झाला. बहुतेक अजून कुर्ला कारशेडमध्ये पडला असेल.

डोंबिवली ते सीएसएमटी करून मला २७ वर्षं झाली. मधला लेडीज डबा, सेकंड क्लास, सकाळची फास्ट. इतक्या वर्षांत पुष्कळ खेळ काढले. त्यातले चार-पाच टिकले, बाकीचे त्या फाशाच्या वाटेने गेले. भाचीच्या ऑफिसातल्या मुलींना त्यांच्या ग्रुपसाठी असंच काहीतरी हवं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी डब्याचं माप घ्या. तीन जणींच्या बाकड्यावर चार बसतात. चौथी निम्मी बाकड्यावर, निम्मी हवेत. समोरासमोरच्या दोन बाकड्यांचा एक खण धरला तर आठ बसलेल्या आणि मधे तीन-चार उभ्या. उभीचा एक हात कडीत, दुसऱ्यात पर्स. म्हणजे ज्या खेळाला हात लागतो तो उभीचा खेळच नाही, आणि उभीला वगळून खेळलात तर ती तासभर तुमच्या डोक्यावर उभी राहून तुमची मजा बघणार. तेव्हा पट नको, फासा नको, चिठ्ठ्या नकोत, कागद-पेन नको. राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या आम्ही दोन दिवस फेकून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी मंत्रीच सापडेना. तोंड, कान आणि डोळे, एवढंच सामान धरून चाला. गुण बोटांवर मोजायचे.

आता मुख्य गोष्ट. खेळ सुरू कसा करायचा ते मी शेवटी बघते. आधी त्यातून उतरायचं कसं ते ठरवते. लोकलमध्ये प्रत्येक बाई कुठेतरी उतरणार असते, आणि ती उतरते तेव्हा गाडी तिच्यासाठी थांबत नाही, मग खेळ काय थांबणार! ठाण्याची ठाण्याला जाते, दादरची दादरला. तिच्या जाण्याने डाव मोडत असेल तर डावातच खोट आहे. गाण्याच्या भेंड्यांचं हेच दुखणं. एखादी जाता जाता ‘ण’ टाकून घाटकोपरला उडी मारते, आणि ‘ण’ला ‘न’ धरायचं का यावर मागे उरलेल्या कुर्ल्यापर्यंत भांडतात. शिवाय भेंड्यांत आवाज चढतो. एकदा सीएची पुस्तकं मांडीवर घेतलेल्या एका मुलीने आमच्याकडे असं बघितलं की अख्खा अंतरा माझ्या घशात अडकला. तेव्हापासून सकाळच्या गाडीत गाणी बंद.

म्हणून आमच्याकडे हिशेब स्टेशनाला चुकता होतो. एक स्टेशन ते पुढचं स्टेशन हा एक डाव. गाडी थांबली की डाव मिटला, गुण पुढे जात नाहीत, देणं-घेणं राहत नाही. जी उतरली ती पूर्ण खेळून उतरली, जी चढली ती पहिल्यापासून खेळते. आणि नियम? डोंबिवली सुटल्यावर पुढचं कोपर स्टेशन मागे पडेपर्यंत सांगून व्हायला हवेत. दीड-दोन मिनिटं मिळतात. एवढ्यात सांगून होत नसेल तर खेळ डब्यात आणू नका, हळदीकुंकवाला खेळा.

आमचा सगळ्यात जुना आणि अजून चालणारा खेळ म्हणजे ‘पुढील स्टेशन’. शाळेतला नाव-गाव-फळ-फूल, पण अक्षर कुणी निवडायचं नाही. येणाऱ्या स्टेशनाचं पहिलं अक्षर घ्यायचं. अनाउन्समेंटची बाई ‘पुढील स्टेशन’ म्हणाली की शिट्टी झाली समजा. आमची गाडी ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा करत जाते. म्हणजे पहिलाच डाव ‘ठ’चा. फळ सुचेना, फूल सुचेना, आठवडाभर सगळ्या गप्प. मग माझ्या लक्षात आलं की दोष अक्षराचा नाही, रकान्यांचा आहे. फळ-फूल काढून टाकलं आणि नाव, गाव, खाणं, वस्तू असे रकाने केले. लगेच ठकू, ठाकुर्ली, ठेचा, ठोकळा! आणि बघा, सगळ्यात अवघड अक्षराला सगळ्यात जास्त वेळ मिळतो, कारण डोंबिवली-ठाणे हा आमचा लांबचा पल्ला. रेल्वेने हे मुद्दाम केलेलं नाही, पण तुम्ही मुद्दाम बघा. आपल्या गाडीचा कोणता पल्ला लांब, कोणता आखूड, कुठलं अक्षर कुठे पडतं, हे आधी कागदावर मांडा. (घरी. डब्यात कागद नको.)

सोप्या अक्षराला गाठ मारावी लागते. ‘क’ म्हटलं की सगळ्यांची तोंडं एकदम सुटतात, म्हणून कुर्ल्याला ‘कु’च पाहिजे, पहिला उकार पकडून : कुसुम, कुडाळ, कुरडई, कुलूप. दादरला ‘दा’ : दामोदर, दापोली, दाबेली, दार. भायखळ्याला ‘भा’ : भारती, भाईंदर, भाकरी, भांडं. घाटकोपरला मात्र ‘घा’ न धरता नुसता ‘घ’ सोडलाय, कारण घनश्याम, घोलवड, घावन, घागर यांच्यावाचून चैन पडत नाही. स्लो गाडीवाल्यांनी चारही रकाने धरू नयेत. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर अशी दोन-तीन मिनिटांवर स्टेशनं येतात, तिथे एका स्टेशनाला एकच रकाना पुरे. हार्बरवाल्यांना मानखुर्द ते वाशी खाडीवरचा मोठा पल्ला मिळतो, तिथे निवांत चारही होतील.

या खेळात एकदा ठेपल्यावरून वाद झाला. ‘ठ’च्या डावात एकीने खाणं म्हणून ‘ठेपला’ दिलं, दुसरी म्हणाली तो ‘थेपला’. ठाणं गेलं, डाव संपला, तरी वाद संपेना. घाटकोपरला एक गुजराती भाभी चढल्या आणि कडी धरून आमच्या खणात उभ्या राहिल्या. मी सहज विचारलं, “भाभी, तुम्ही सांगा, थ की ठ?” त्यांनी दोघींकडे बघितलं आणि ठाम सांगितलं, “थ. आणि तुम्ही बाजारातून आणता त्याला काहीही म्हणा.” त्यानंतर त्या रोज आमच्याच खणात येऊन उभ्या राहायला लागल्या. पुढे मोसमात कैरीचा छुंदाही आला.

नवीन बाईला खेळात घ्यायची रीत मला त्या दिवशी कळली. “खेळणार का?” असं विचारलं की बहुतेक जणी नाही म्हणतात, आणि त्यांचं काही चूक नाही. रात्री बाराला झोपून पाचला उठलेली बाई तुमच्याशी खेळायला लोकलमध्ये चढलेली नसते. तिला पंच करा. एक छोटा निकाल मागा, जो एका शब्दात देता येईल. तिने दिला आणि मान फिरवली तर तेवढ्यावर सोडा. दिला आणि बघत राहिली तर पुढच्या डावात ती आपणहून बोलेल. कानात वायर असलेली, डोळे मिटलेली, पोथी वाचणारी आणि दारात उभी असलेली, या चौघींना पंचही करायचं नाही. दारातलीला तर मुळीच नाही. तिचं लक्ष दांड्यावर आणि पायाखाली असू दे.

आता खिडकीची बातमी. हा खेळ मी रचलेला नाही. तो २६ जुलै २००५ ला झाला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्हाला कळत होतं ते एवढंच की शीव सोडून कुर्ल्याच्या अलीकडे गाडी उभी आहे आणि हलत नाही. डब्यात मुंगी शिरायला जागा नाही. खिडकीतल्या चौघी-पाच जणींना बाहेरचं दिसत होतं, बाकी शे-सव्वाशे बायकांना फक्त समोरच्या बाईची वेणी. मग मागून विचारणा सुरू झाली : पाणी कुठवर आलं? खिडकीतल्या एक थोराड मावशी दर थोड्या वेळाने सांगायच्या, “रूळ दिसतायत.” “रूळ गेले.” “खडी गेली.” ते एकीकडून दुसरीकडे दारापर्यंत जायचं. अंधार पडल्यावर एक मुलगी रडायला लागली तेव्हा मावशींनी त्याच आवाजात सांगितलं, “पाणी स्थिर आहे. एक टायर वाहत गेलं. आणि समोर कमळं फुललीत.” पलीकडून कुणीतरी ओरडलं, “कमळं खोटी!” आणि अख्खा डबा हसला. त्यानंतर रात्रभर मावशी दोन खऱ्या बातम्या द्यायच्या आणि एक खोटी, आणि आम्ही खोटी ओळखायचो. पहाटे रुळांवरून चालत निघालो तेव्हा मी त्यांचं नाव विचारायचं विसरले.

पुढे तोच खेळ आम्ही रोजच्या गाडीत आणला, आणि मला विचाराल तर लोकलसाठी याहून चांगला खेळ नाही. खिडकीची सीट म्हणजे डब्यातली श्रीमंती. एकीला वारा, उजेड, खाडी सगळं, आणि उभ्यांना काखा. या खेळात खिडकीवालीला काहीतरी द्यावं लागतं. रचना अशी : खिडकीतलीने तीन गोष्टी सांगायच्या, दोन दिसलेल्या, एक बनवलेली. ज्यांना बाहेरचं दिसत नाही त्यांनीच ओळखायचं. जिला दिसतं तिने गप्प बसायचं, हा नियम कडक. ओळखलं तर खिडकीवाली हरली.

नवख्या खिडकीवाल्या खोटी गोष्ट रंगवून सांगतात आणि लगेच पकडल्या जातात. खोटं मिळमिळीत हवं, आणि खरं शोधताना विचित्र शोधावं. एका जानेवारीत मुंब्र्यानंतर मला आलेली बातमी : एक, खाडीवर धुकं आहे. दोन, चिखलात रुतलेली बोट आणि तिच्यात बसलेलं कुत्रं. तीन, एक माणूस झाडाच्या फांदीला आरसा टांगून दाढी करतोय. आम्ही सगळ्यांनी दाढी पकडली. धुकं नव्हतं. ऊन होतं, पण उभ्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

यात एकच बंधन घातलंय. रुळाकाठी सकाळी बसलेल्या माणसांची बातमी द्यायची नाही, आणि डब्यातल्या बायकांविषयी काहीच नाही. आधी आम्ही ‘ही कुठे उतरणार’ असाही खेळ खेळायचो. लेडीज डब्यात तो तसा रोजचाच, कारण चढल्या चढल्या “कुठे उतरणार?” विचारून सीट बोलून ठेवतात. आम्ही न विचारता, पिशवी आणि चपला बघून स्टेशन ओळखायचो. एकदा एकीच्या चपलांवरून कुणीतरी “ही दादरला होलसेल मार्केटात कामाला” असं म्हणाली, ते त्या बाईने ऐकलं. ती खरंच दादरला उतरली, पण उतरताना एक शब्द बोलली नाही. तो खेळ त्याच दिवशी संपवला. अनोळखी माणूस हा खेळाचा विषय होऊ शकत नाही. झाला तर खेळाडू, नाहीतर पंच.

जागेला बांधलेला खेळ गोड असतो, पण जागा तुमच्या हातात नसते. पूर्वी आमची फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून जरा मोठा. आत गाडी शिरली की एवढा आवाज घुमायचा की बोलून उपयोग नसायचा, म्हणून आम्ही मौनाचा खेळ केला. बोगदा लागला की जिच्या तोंडात जे अक्षर असेल तिथे थांबायचं, आणि उजेड आला की त्याच अक्षरापासून वाक्य पुढे न्यायचं. “काल सासूबाईंनी मला सरळ सांगि—” आणि मिनिटभर अंधार. सगळ्या डब्याचा जीव टांगणीला. “—तलं की साखर संपली.” या खेळाला कधीच कुणाला काही शिकवावं लागलं नाही. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका आली, फास्ट लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या, आणि खेळ गेला. मुंब्र्याच्या प्लॅटफॉर्मवर मौन पाळून पाहिलं. हसू यायचं. तेव्हा अशा खेळावर ग्रुप उभा करू नका. असावा एखादा, लोणच्यासारखा.

संध्याकाळची गाडी वेगळी. तेव्हा मेंदू थकलेला असतो, हात मोकळे हवे असतात. हिवाळ्यात मटार असतातच. शेंग फोडायच्या आधी ‘एकी का बेकी’ विचारायचं, दाणे मोजायचे, चुकली तिने समोरचीच्या दहा शेंगा सोलायच्या. सोलून भाजी घरी तयार जाते, त्यामुळे घरचेही खेळावर खूश. फक्त टरफलं पिशवीत, खाली नाही. क्लिपा-कानातली विकणारी आली की ‘किंमत सांग’ : तिने भाव सांगायच्या आत आपण सांगायचा. हा खेळायचा तर आधी तिची परवानगी घ्या, आणि दर डावाला कुणीतरी एक तरी वस्तू विकत घ्यायची. तिचा वेळ म्हणजे दोन स्टेशनांमधला धंदा. आमच्याकडची मला म्हणते, “ताई, तुमच्या डब्यात माझं बोलणं कमी, विक्री जास्त.” माझ्याकडे आज चौतीस क्लिपा आहेत आणि केस खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत.

बक्षीस काय ठेवायचं यात माणसं फसतात. पैसे ठेवू नका, एक रुपयासुद्धा. जेन्टसमध्ये ब्रीफकेसवर पत्ते चालतात तिथे पैसा आला की आवाज चढतो, मग तक्रार जाते, मग पोलीस. आम्ही शहाणपणा करून सीट हे बक्षीस ठेवलं होतं : जिंकेल तिने चौथ्या सीटवरून तिसरीवर सरकायचं. तीन दिवसांत दोन मैत्रिणींची बोलाचाल बंद. सीट हा खेळ नाही, तो संसार आहे. हरली तिने उद्या आवळा सुपारी आणायची, एवढं बास होतं.

आणि लपवाछपवी कधीच नाही. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. सकाळचा ग्रुप आणि संध्याकाळचा ग्रुप यांच्यात निरोप चालावा म्हणून मी एक कापडी बटवा शिवला, त्यात कोड्याची चिठ्ठी घातली आणि सीटखाली पट्टीत खोचून ठेवला. संध्याकाळी आमच्यातलीच कुणी तो शोधेल अशी कल्पना. ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर ज्या शहरात रोज ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ऐकू येतं, तिथे मी सीटखाली बटवा ठेवला! कुणीतरी बघितला, आरडाओरड झाली, डबा रिकामा झाला. माझ्यामुळे हजारो लोकांना लेटमार्क. मला हे दुसऱ्या दिवशी डब्यातच ऐकायला मिळालं आणि माझा चेहरा बघून दोघींनी ओळखलं. वस्तू डब्यात सोडून जायची नाही. निरोपच न्यायचा असेल तर कानगोष्टी खेळा : ठाण्याला एका दाराशी वाक्य सोडायचं, घाटकोपरच्या आत दुसऱ्या दाराला पोचलं पाहिजे, नको असेल तिने “पास” म्हणायचं. गाडीच्या खडखडाटात वाक्याचं जे होतं ते कुठल्याच शांत खोलीत होणार नाही. ‘उद्या वटसावित्री, उपास आहे’ निघालं होतं. पोचलं ते ‘उद्या बटाटेवडे, उधार आहे’.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. ग्रुप असू दे, पण तो ‘गाडी बारा मिनिटं लेट’ आणि ‘मी आज नाही’ एवढ्यासाठी. खेळ त्यात नेला की ज्या ग्रुपमध्ये नाहीत त्या खेळातही नाहीत, आणि समोर बसलेल्या बायका खाली माना घालून एकमेकींना अंगठे पाठवत बसतात.

नवीन खेळ आणाल तर सोमवारी आणू नका. सोमवारी कुणाचं मन डब्यात नसतं. बुधवारी चौघींत खेळून बघा, न समजावता. पाचवी बघून शिकली तर खेळ बरा. शुक्रवारी तुम्ही रजा टाका. तुमच्याशिवाय तो खेळला गेला का, ते शनिवारी विचारा. माझे निम्मे खेळ इथे मेले.

सध्या मी एसीच्या गाडीत अडकलेय. गुडघ्यांमुळे आठवड्यातून दोनदा एसीने जाते. दारं बंद, आवाज नाही, कुजबुज केली तरी पूर्ण डब्याला ऐकू जाते, त्यामुळे कानगोष्टी संपल्या. सगळे कानात वायर घालून. पण काचा मोठ्या आहेत, आणि पावसात त्यांच्यावर पाणी असं ओघळतं की खिडकीवालीलाही नीट दिसत नाही. तिलाच खात्री नसते आपण खरं सांगतोय की खोटं. त्यातून काही निघेल असं वाटतंय. अजून नियम बसत नाहीयेत. परवा कोपर गेलं तरी मी समजावतच होते.

शेवटचं. सीएसएमटीच्या अलीकडचं मस्जिद स्टेशन दिसलं की खेळ बंद, कुणी कितीही रंगात असो. सीएसएमटीचा ‘छ’ आम्ही कधी खेळलोच नाही, कारण भायखळ्यापासूनच सगळ्या उठायला लागतात. पर्स, डबा, छत्री, मोबाइल, पास. जिची छत्री वर राहिली तिला हाक मारायची. ठेचा की ठेपला ते ६.३८ च्या डाऊनला बघू.